गोल सुईवरचे मोजे आणि खानदेशातले पाय

जळगाव-धुळ्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला आधी ऊन आठवतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास गेल्याची बातमी जवळपास दरवर्षी छापून येते. डिसेंबर-जानेवारीची बातमी तितकी लक्षात राहत नाही. सातपुड्याकडून वारा सुटला की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातली तापमानाची नोंद एक आकडी होते आणि राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत धुळं वर चढतं. आपली घरं उन्हाळा डोळ्यांपुढे ठेवून बांधलेली. वैशाखात दुपारी ज्या फरशीवर नुसतं आडवं पडावंसं वाटतं, तीच फरशी पौषातल्या पहाटे पायाला झोंबते. घरात चप्पल घालायची रीत नाही. म्हणजे वर्षातले दोन-अडीच महिने मोजे ही इथे घरातली रोजची गरज असते.

ही गरज आज विकतच्या मोज्यांवर भागते. यंत्रावर निघालेले होजिअरीचे मोजे बारा महिने मिळतात. थंडी आली की रस्त्याकडेला स्वेटर-मफलरच्या दुकानांत लुधियानाकडचा माल लागतो. हातानं विणलेला मोठ्या माणसाचा मोजा मात्र क्वचित दिसतो. हातात सुया नाहीत म्हणून तो दिसत नाही, असं म्हणता येणार नाही. सुया घराघरांत आहेत, विणणाऱ्या बायकाही आहेत. अडतं ते गोल विणीपाशी. शिवण न घालता, नळीसारखा सलग मोजा विणायचा तर कोणत्या सुया घ्याव्यात, टाच कशी वळवावी, खानदेशात मिळणाऱ्या धाग्यांपैकी कोणता चालेल, आणि मुळात इथल्या पायांना कसा मोजा हवा, हे सगळे प्रश्न एकत्र घेऊन पाहण्यासाठी हा लेख आहे. माझं मत आधीच सांगते: एकच लांब गोल सुई घ्यावी, टाच जाड लोकरीवर आधी शिकून घ्यावी, आणि नजर अंगठा वेगळा असलेल्या मोज्यावर ठेवावी. बाकीचं सगळं या तीन गोष्टींच्या मागून येतं.

आपल्याकडे विणलेला मोजा पहिल्यांदा घरात येतो तो बाळंतविड्यातून. लेक किंवा सून पोटुशी असली की आजी, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणीतरी सुया बाहेर काढतं आणि टोपडं, स्वेटर, दुपट्याबरोबर इवलेसे मोजे तयार होतात. ते दोन सरळ सुयांवर, सपाट विणले जातात. बॉर्डर घालायची, घोट्याशी भोकांची एक ओळ काढायची, मधले टाके पुढे विणत नेऊन पाऊलभर जीभ करायची, जिभेच्या कडांवरून टाके उचलायचे, तळव्याच्या काही ओळी विणायच्या आणि शेवटी तळव्याखालून पोटरीपर्यंत शिवून टाकायचं. भोकांतून गोंडे लावलेली दोरी ओवली की झालं. ही वीण चांगली आहे आणि बाळाला पुरते, कारण बाळ त्या शिवणीवर उभं राहत नाही.

मोठ्या माणसाच्या पायात तीच शिवण तळव्याखाली येते आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर पडतो. ज्यांना मधुमेह आहे आणि पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांच्यासाठी तर ही साधी गैरसोय राहत नाही. शिवण घासते, ते कळत नाही, आणि न कळलेल्या घासण्यातून जखम होते. अशा पायांना बिनशिवणीचे, वरून करकचून न बसणारे मोजे घाला, असं डॉक्टर सांगतात ते याच कारणानं. गोल विणीचा खरा उपयोग इथे आहे. ती दिसायला सुबक असते हे पुढचं.

बाळाचा मोजा विणणाऱ्या बाईला गोल मोज्यासाठी लागणारं बरंचसं काम येतच असतं. बॉर्डर येते, कडेवरून टाके उचलता येतात, टाके कमी करता येतात. तरीही मोठा मोजा म्हटला की हात थांबतो. विणकामाचे वर्ग, महिला मंडळं, मासिकांतले नमुने या सगळ्यांचा भर स्वेटरवर राहिला. १९६२ च्या चीन युद्धात जवानांसाठी देशभर बायकांनी विणायला घेतलं, तेव्हाही आठवणींत राहिले ते स्वेटरच. स्वेटर पुढून, मागून, बाह्या अशा तुकड्यांत विणून जोडता येतो. पायाला असे तुकडे पाडून चालत नाही.

जगाकडे पाहिलं तर गोल वीण आधीची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे सापडलेला लाल लोकरीच्या मोज्यांचा जोड आहे. तो साधारण इसवी सन २५० ते ४२० या काळातला मानतात. ती आजच्या अर्थानं दोन सुयांची वीण नाही, एकाच सुईनं फास ओवत केलेली जुनी पद्धत आहे. पण त्या मोज्यांचा अंगठा वेगळा आहे, चपलेचा पट्टा मध्ये बसावा म्हणून. खरीखुरी विणलेली म्हणून ओळखली जाणारी सर्वांत जुनी कापडंही इजिप्तचीच, अकराव्या ते तेराव्या शतकांच्या आसपासची. त्यांतले पुष्कळसे मोजे आहेत, आणि ते आहेत सुती, पांढऱ्या आणि निळ्या धाग्यात, गोल विणलेले. कापूस पिकवणाऱ्या खानदेशातल्या माणसानं हे दोन्ही मोजे नीट पाहून ठेवण्यासारखे आहेत. सुताचा मोजा होत नाही आणि चपलेत मोजा शोभत नाही, ही दोन्ही मतं त्यांच्यापुढे टिकत नाहीत.

युरोपात इसवी सन १४०० च्या सुमारास मास्टर बर्ट्रामच्या चित्रशाळेतल्या एका चित्रात मरियम चार सुयांवर गोल सदरा विणताना दिसते. १५८९ मध्ये इंग्लंडात विल्यम ली यानं विणण्याचं यंत्र तयार केलं आणि मोजे हातातून यंत्रावर जायला लागले. वायरनं जोडलेल्या गोल सुईचं अमेरिकेतलं पहिलं पेटंट १९१८ चं. दोन गोल सुयांवर मोजे विणायची पद्धत कॅट बोर्डी यांच्या पुस्तकानं २००१ मध्ये घरोघर गेली. एकाच लांब सुईवर विणायची, मॅजिक लूप नावाची पद्धत सारा हाउश्का यांची; ती बेव्ह गॅलेस्कस यांच्या २००२ मधल्या छोट्या पुस्तिकेनं पसरली. म्हणजे आज जी पद्धत मी सुचवते आहे ती जगातही पाव शतकाचीच आहे. धुळ्यातली बाई आज शिकायला बसली तर ती फार उशिरा बसली, असं समजायचं कारण नाही.

आता सुया. मोजा गोल विणायचे चार मार्ग आहेत. सर्वांत जुना मार्ग दोन्ही टोकं निमुळती असलेल्या चार किंवा पाच आखूड सुयांचा. टाके तीन-चार सुयांवर वाटायचे आणि उरलेल्या एका सुईनं विणत फिरायचं. ज्यांचा हात बसला त्यांना यासारखं दुसरं काही आवडत नाही. पण नवख्याच्या हातून टोकावरचे टाके निसटतात, प्रत्येक दोन सुयांच्या सांध्यावर सैल टाक्यांची उभी शिडी दिसायला लागते, आणि एसटीत विणत बसलं तर एखादी सुई बाकाखाली जाते ती जातेच. दुसरा मार्ग जेमतेम २३ सेंटिमीटरच्या छोट्या गोल सुईचा. नळी भराभर वाढते, सांधे नाहीत, शिडी नाही. मात्र टोकं इतकी आखूड की बोटं आखडतात, आणि चवडा निमुळता होऊ लागला की टाके सुईला पुरत नाहीत, मग दुसऱ्या सुया काढाव्याच लागतात. तिसरा मार्ग दोन गोल सुयांचा: अर्धे टाके एकीवर, अर्धे दुसरीवर, आणि प्रत्येक सुईचे टाके तिच्याच टोकांनी विणायचे. समजायला हा सगळ्यांत सोपा. अडचण एवढीच, की एकाच मापाच्या दोन सुया विकत घ्याव्या लागतात.

चौथा मार्ग एकाच लांब सुईचा. ८० सेंटिमीटरची चालते, १०० ची बरी. टाके घालून झाले की त्यांचे दोन सारखे भाग करायचे आणि मधून वायरचा फास बाहेर ओढायचा. पुढचा अर्धा भाग डाव्या टोकावर, मागचा अर्धा वायरवर. उजवं टोक मोकळं ओढून घ्यायचं आणि पुढचा भाग विणायचा. तो संपला की सगळं फिरवायचं, मागचा भाग पुढे घ्यायचा, पुन्हा तसंच. एकदा हे अंगात मुरलं की नळी कितीही बारीक झाली तरी सुई बदलावी लागत नाही. पिंढरीपासून अंगठ्याच्या टोकापर्यंत एकच सुई पुरते. मी या पद्धतीच्या बाजूनं आहे ते मुख्यतः या अंगठ्यापायी, त्याकडे पुढे येतेच.

या पद्धतीत नवख्याची फसगत होते ती तीन ठिकाणी. पहिल्या फेरीला गोल जोडताना टाके सुईभोवती पिळलेले राहिले, तर सगळा मोजा पिळलेला निघतो आणि तो उसवण्यावाचून इलाज नसतो. म्हणून टाक्यांच्या खालच्या गाठींची ओळ सगळीकडे आतल्या बाजूला आहे की नाही, हे जोडण्याआधी बोट फिरवून पाहावं. दुसरं, भाग बदलताना पहिले दोन टाके जरा ओढून घ्यावेत, म्हणजे शिडी पडत नाही. तिसरं वायरचं. स्वस्त सुईची वायर पाकिटात गुंडाळून ठेवल्यानं ताठ वेटोळं धरते आणि फास नीट बसत नाही. ती गरम पाण्यात थोडा वेळ बुडवून सरळ ताणून ठेवली की मवाळ होते. सरळ विणणाऱ्याला आणखी एक सुख इथे नव्यानं मिळतं: गोल विणताना कापड कधी उलटावंच लागत नाही, त्यामुळे साधी वीण नुसत्या सुलट टाक्यांनी होते. उलट टाका लागतो तो बॉर्डरला आणि टाचेला.

सुई घेताना नंबरापेक्षा मिलिमीटर वाचावेत. आपल्याकडच्या बायका जुन्या ब्रिटिश नंबरांनी बोलतात. ८ नंबर म्हणजे ४ मिमी, १० म्हणजे ३.२५, १२ म्हणजे २.७५, १३ म्हणजे २.२५, नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकन नंबर याच्या उलटे चालतात, तिथली ८ नंबरची सुई ५ मिमीची असते. मोबाइलवर एखादी अमेरिकन पद्धत पाहून दुकानात ८ नंबर मागितला, तर मोजा आखूड आणि घट्ट निघाल्याचं नवल नको. मोठ्यांच्या बारीक मोज्याला २.२५ ते २.७५ मिमीची सुई लागते. निटप्रोसारख्या भारतातच तयार होणाऱ्या सुयांच्या पाकिटावर मिलिमीटर छापलेले असतात. मोठ्या शहरातून किंवा ऑनलाइन मागवताना वायरची लांबीही पाहून घ्यावी. ४० किंवा ६० सेंटिमीटरची स्वेटरच्या गळ्याची सुई आली तर या कामाला ती निरुपयोगी.

आता टाच. मोजे शिकणं म्हणजे टाच शिकणं. बाकी सगळी नळी असते. इथे मी आकडे देते, कारण आकड्यांशिवाय टाच समजत नाही. बाईच्या पावलाचा घेर सुमारे २२ सेंटिमीटर धरू. मोजा पायाला धरून बसावा म्हणून तो दहा टक्क्यांनी लहान विणायचा, म्हणजे २० सेंटिमीटर. बारीक धाग्यात १० सेंटिमीटरला ३२ टाके येत असतील, तर ६४ टाके घालायचे. वरून दोन सुलट दोन उलट अशी चार-पाच सेंटिमीटर बॉर्डर, मग हवी तेवढी लांब नळी. टाचेशी आलं की अर्धे ३२ टाके बाजूला थांबवायचे आणि उरलेल्या ३२ वर पुढेमागे सपाट पट्टी विणायची, ३२ ओळींची. सुलट ओळीत एक टाका न विणता उचलायचा, एक विणायचा. असं केल्यानं पट्टी दुहेरी, घट्ट होते आणि लवकर झिजत नाही. प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता उचलला की कडेला साखळी तयार होते, तिच्यातून पुढे १६ टाके उचलायचे असतात.

मग वळण. ३२ पैकी १७ टाके सुलट, दोन जोडीनं, एक सुलट, आणि तिथेच काम उलटायचं. ओळ अर्धवट सोडायची असते यावर नवख्याचा विश्वास बसत नाही, बसवावा. पहिला टाका नुसता उचलायचा, तीन उलट, दोन जोडीनं उलट, एक उलट, पुन्हा उलटायचं. यापुढे दर ओळीला मधला भाग एकेका टाक्यानं रुंदावतो. जिथे आधी काम उलटलं होतं तिथे फट दिसते. फटीच्या अलीकडचा आणि पलीकडचा टाका जोडीनं विणायचा, पुढचा एक विणायचा, वळायचं. दोन्हीकडचे टाके संपले की १८ उरतात आणि सपाट पट्टीला अचानक वाटी आलेली असते. हे हातात घडताना पाहिलं की माणूस मोजे विणणं सोडत नाही, असा माझा अनुभव आहे.

त्यानंतर पट्टीच्या दोन्ही कडांवरून सोळा-सोळा टाके उचलायचे आणि थांबवलेल्या ३२ सह पुन्हा गोल सुरू करायचं. एकूण ८२. सलवारीला शिंपी कळी लावतो ती ज्या कामासाठी, त्याच कामासाठी इथे दोन बाजूंना तिरकी कळी येते: पावलाचा उंचवटा मोज्यात मावावा म्हणून. दर दुसऱ्या फेरीला दोन टाके कमी करत नऊ वेळा गेलं की पुन्हा ६४. मग चवड्यापर्यंत सरळ, चवड्याशी दर दुसऱ्या फेरीला चार टाके कमी करत ३२ पर्यंत, पुढे प्रत्येक फेरीला चार कमी करत १६ पर्यंत, आणि शेवटचे आठ-आठ टाके सुईदोऱ्यानं असे जोडायचे की सांधा दिसू नये, टोचू नये. हा सांधा जगभर किचनरच्या नावानं ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनचा युद्धमंत्री असलेला आणि त्याआधी १९०२ ते १९०९ मध्ये हिंदुस्थानातल्या फौजेचा सरसेनापती असलेला तोच किचनर.

टाचेचे दुसरे प्रकारही आहेत. अर्धवट ओळींची टाच दिसायला विकतच्या मोज्यासारखी होते, पण उंच पावलाला ती अपुरी पडते. मागाहून बसवायच्या टाचेत नळी सरळ विणून जायचं, टाचेच्या जागी वेगळ्या रंगाचा धागा विणून ठेवायचा आणि शेवटी तो काढून तिथे टाच विणायची. हिचा मोठा फायदा असा की झिजली की फक्त टाच उसवून नवी करता येते. चवड्याकडून वर विणत जाणारीही पद्धत आहे. २००६ मध्ये ज्युडी बेकर यांनी दाखवलेल्या टाके घालण्याच्या रीतीनं ती फार सोपी झाली. धागा कमी असेल, किंवा पाय समोर असेल आणि घालून घालून पाहता येत असेल, तेव्हा ती घ्यावी. शिकताना वरून खाली, पट्टीची टाच, हेच मला बरं वाटतं. बाळाच्या मोज्यातलं कडेवरून टाके उचलणं तिथे कामी येतं.

धाग्याच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं, कारण खानदेशात तो वेगळ्याच तऱ्हेनं उभा राहतो. परदेशी पुस्तकांत मोज्याचा धागा म्हणजे ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन, १०० ग्रॅमला सुमारे ४०० मीटर, एका जोडाला तेवढा पुरतो. तसा धागा इथल्या दुकानात सहसा मिळत नाही. मिळते ती लोकर म्हणजे बहुतेक ऍक्रिलिक. ती स्वस्त, रंगीत, धुवायला सोपी. पण ती घाम टिपत नाही, गुळगुळीत फरशीवर घसरते, आणि शेकोटीची ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटते. खानदेशात हिवाळ्यात शेकोटीभोवती बसणं हे रोजचंच. म्हाताऱ्या माणसासाठी ऍक्रिलिकचा मोजा विणला तर तळव्याला उलट टाक्यांचे उंचवटे ठेवावेत, म्हणजे पाय थोडा धरला जातो, आणि शेकोटीपाशी ते काढून ठेवायला सांगावं.

लोकर म्हणाल तर ती धुळे जिल्ह्यात आहे. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या घेऊन हिंडतात. पण दख्खनी मेंढीची लोकर राठ, केसाळ. तिची घोंगडी उत्तम होते, पाऊस झेलते, पण पायाला ती बोचते. तिचा मोजा करावा असं मी कुणालाही सुचवणार नाही.

राहिला कापूस. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवीमुळे मँचेस्टरला कापूस मिळेना तेव्हापासून खानदेशचा कापूस जगाच्या बाजारात आला. पुढे जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथे गिरण्या उभ्या राहिल्या. अमळनेरची प्रताप मिल आजही जुन्या माणसांच्या बोलण्यात आहे. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तो काळ सूतकताईचाही होता. सुताशी इतकं जुनं नातं असलेल्या मुलखातून आज कापसाच्या गाठी बांधून बाहेर जातात आणि हातविणीचा सुती धागा बाहेरून विकत आणावा लागतो. जळगावच्या जिनिंग कारखान्यांच्या गावात मऊ, चारपदरी सुती विणधागा सहज मिळू नये याचं मला फार वाईट वाटतं. इथल्या कापसाचा असा धागा इथेच कुणी काढायला घेतला, तर विणणाऱ्या बायका आहेत.

सूत पायाला बरं, कारण ते घाम टिपतं आणि कातडीला त्रास देत नाही. त्याचं वैगुण्य एकच: लोकरीच्या केसाला अंगचाच कुरळेपणा असतो, ताणून सोडला की तो परत येतो, सुताला तो नाही. सकाळी बरोबर बसलेला सुती मोजा संध्याकाळी घोट्याशी गोळा होतो. त्यावर उपाय आहेत. बॉर्डर तेवढ्यावर न थांबवता घोट्यापर्यंत दोन सुलट दोन उलट चालू ठेवावं. सुई एक मापानं बारीक घ्यावी. टाचेत आणि चवड्यात धाग्याबरोबर नायलॉनचा बारीक पदर धरावा. सूत-ऍक्रिलिक मिश्र धागा मिळाला तर पहिल्या मोज्याला तोच घ्यावा. तो मधला मार्ग आहे आणि आपल्या हवेला मानवतो. शेतात रात्री गव्हाला पाणी भरायला जाणाऱ्यासाठी मात्र सूत नको. ओलं सूत लवकर वाळत नाही आणि पाय आणखी गार पडतो.

आता अंगठा. खानदेशात बायका मोजे घालतात ते बुटात कमी आणि चपलेत जास्त. दुचाकीवरून जाताना, भल्या पहाटे गिरणीवर, भाजीबाजारात, थंडीत आणि उन्हातही, अंगठा वेगळा असलेले मोजे आणि वर चप्पल, हे इथलं नेहमीचं चित्र. पाश्चात्त्य पुस्तकांतला बंद चवड्याचा मोजा कितीही सुरेख विणला, तरी त्यावर अंगठ्याची चप्पल चढत नाही. म्हणून तो विणून पेटीत जातो. ही वीण इथे रुजायची असेल तर अंगठ्याचा मोजा शिकवला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे, आणि तो कठीणही नाही. वरच्याच ६४ टाक्यांच्या मोज्यात अंगठ्याच्या बुडाशी आलं की पावलाच्या आतल्या बाजूचे अकरा वरचे आणि अकरा तळव्याचे असे बावीस टाके दोऱ्यावर काढून ठेवायचे. त्या फटीवर चार नवे टाके घालायचे आणि उरलेल्या बोटांचा भाग गोल विणून पूर्ण करायचा. त्यात टाके कमी करायचे ते करंगळीच्या बाजूनं जास्त, कारण पाऊल तिकडे उतरतं. मग दोऱ्यावरचे बावीस आणि फटीतून उचललेले चार, असे सव्वीस टाके घेऊन अंगठा विणायचा. सव्वीस टाक्यांची ही नळी छोट्या गोल सुईवर होतच नाही, चार सुयांवर हातातून निसटते. लांब सुईच्या फासावर ती निमूटपणे होते. उजवा आणि डावा मोजा वेगळा असतो, तेवढं लक्षात ठेवावं.

जोडव्यांचा विचार कोणत्याच पुस्तकात नसतो, तो आपणच करायला हवा. अंगठ्याशेजारच्या बोटातलं चांदीचं जोडवं सैल विणीत अडकतं आणि टाका ओढून काढतं. भोकाभोकांची जाळी तिथे घातली तर मोजा एका थंडीतच फाटतो. म्हणून चवड्याच्या भागात नक्षी नको, साधी सुलट वीण, जरा घट्ट. दोन रंगांचं काम असेल तर ते घोट्याच्या वर ठेवावं, म्हणजे आत लोंबणारे धागे बोटांशी येत नाहीत. जोडवं जाड असेल तर बोटांचा भाग दोन-तीन फेऱ्या लांब ठेवून मग कमी करायला लागावं.

शिकायचं कुणाकडून? मोबाइलवर हिंदी आणि इंग्रजीत गोल मोज्यांचं शिक्षण भरपूर आहे, मराठीत थोडं. नुसतं पाहून शिकणाऱ्याला त्यात एक अडचण येते. दाखवणाऱ्याचा हात कोणत्या ताणानं विणतो ते पडद्यावर कळत नाही. म्हणून मला वाटतं, वस्तीतल्या जुन्या विणणाऱ्या बाईजवळ बसावं. तिला मॅजिक लूप माहीत नसेल, पण तुझे टाके फार आवळले आहेत पोरी, हे ती दोन ओळींत सांगेल. नवीन सुई तरुण मुलीनं आणावी आणि ताण आजीनं सुधारावा, असा हा धडा दोघी मिळून लवकर होतो. दिवाळी झाली की बसावं; कार्तिकात घातलेले टाके पौषातल्या थंडीला पायात येतात. उन्हाळ्यात घामट हातानं ऍक्रिलिक सुईला चिकटतं आणि शिकणाऱ्याचा धीर सुटतो.

विकण्याच्या आशेनं मात्र या कामात उतरू नये. यंत्रावर मोजा काही मिनिटांत निघतो. सरावलेल्या हातालाही बारीक धाग्याचा जोड विणायला पंधरा-वीस तास सहज लागतात. त्या तासांची मजुरी लावली तर बाजारात कुणी घेणार नाही, आणि न लावता विकणं हा विणणारीवर अन्याय आहे. ज्या पायाला विकतचा मोजा बसत नाही त्या पायासाठी विणावं: सुजणारा पाय, मधुमेहाचा पाय, एक लहान एक मोठा असा पाय, आजीचा भेगाळलेला पाय.

पहिला जोड जाड लोकरीचा, ४ मिमीच्या सुईवर ४४ टाक्यांचा करावा, टाच बावीस टाक्यांवर. तो घरात घालायला होतो आणि चूक झाली तर ढळढळीत दिसते. दुसरा जोड बारीक मिश्र धाग्याचा, ६४ टाक्यांचा, बंद चवड्याचा. दोन्ही मोजे सारखे व्हावेत म्हणून पहिला विणतानाच प्रत्येक भागाच्या फेऱ्या कागदावर लिहून ठेवाव्यात, कारण दुसऱ्याच्या वेळी पहिल्याच्या फेऱ्या मोजत बसणं डोळ्यांना फार जड जातं. तिसरा जोड अंगठ्याचा. फेरीची सुरुवात कळावी म्हणून दुसऱ्या रंगाच्या दोऱ्याचा फास सुईत ठेवावा, आणि अंगठ्याचे टाके दोऱ्यावर काढण्याआधी मोजा पायात घालून चप्पल चढवून पाहावी. चपलेचा पट्टा जिथे येतो, फट तिथेच यायला हवी.